छातीवर टोचलेली नोट

२१ नोव्हेंबर. शिंगाडे सोलायला बसले होते. सकाळी तलावाकडून टोपलीभर ताजे शिंगाडे आले, ते मी चुलीवर मोठ्या गंजात उकडले आणि पडवीत पोतं अंथरून सुरी घेऊन बसले. उकडल्यावर साल मऊ होते, काटे मात्र तसेच राहतात, आणि सालीचा काळा रंग बोटांना असा धरतो की लिंबू चोळलं तरी लगेच निघत नाही. म्हणून हे काम हातात घेतलं की मी मध्ये उठत नाही आणि फोनला हात लावत नाही. कोणाला बोलायचं असेल त्याने पडवीत यावं.

समोर माझी धाकटी जाऊ बसली होती. एक अंगण आणि दोन दारं, अशी आमची सोय आहे. चुली वेगळ्या, भांडणं आपापली, शिंगाडे एकत्र. आमच्या सानगडी गावात अशी घरं बरीच आहेत.

जावेचा एकुलता मुलगा, माझा पुतण्या, फौजेत आहे. पावसाळ्यात सरहद्दीकडे गस्तीवर असताना त्याचा पाय सुरुंगावर पडला. डावं पाऊल घोट्यापासून गेलं. लष्कराच्या दवाखान्यात बरेच दिवस काढून तो दिवाळीच्या आधी रजेवर घरी आला. जखम भरत आली आहे, पण एक कोपरा ओला राहतो, त्यामुळे एक दिवसाआड गावातल्या दवाखान्यात ड्रेसिंगला न्यावं लागतं. नेते मी. जावेला रक्त पाहवत नाही आणि दीर ऑटोपर्यंत येतात, आत येत नाहीत. मला त्याचं काही वाटत नाही. सासरे अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांच्या पाठीच्या जखमा मीच धूत होते, बैलाच्या खुरातली जखमही धुतली आहे. कोणीतरी करायचंच असतं.

पुतण्या जखमी झाला तेव्हाचा एक फोटो फोनवर फिरत होता. कोणी काढला आणि कसा बाहेर आला, आम्हाला माहीत नाही. दोन सोबती त्याला उचलून उतारावरून आणत आहेत, डाव्या पायाला कसलंसं कापड गुंडाळलेलं आहे, पँट मांडीपर्यंत लाल आहे आणि त्याचं तोंड बरोबर कॅमेऱ्याकडे वळलेलं आहे. डोळे उघडे आहेत, पण ते कोणाकडे पाहत नाहीत. मी तो फोटो एकदा पाहिला आणि पुन्हा पाहिला नाही. जावेने पाहिला नाही, ऐकला. म्हणजे फोटोखाली लोक काय लिहितात ते ती रोज कोणाकडून तरी वाचून घ्यायची. कोणी हात जोडलेले, कोणी झेंडा, कोणी ‘धन्य ती माता’. सकाळी पोराला गोळ्या द्यायच्या आणि संध्याकाळी आपण हे ऐकायचं, असा तिचा नेम झाला होता.

त्या दिवशी वाचायला माझी मुलगी होती. ती भंडाऱ्याला कॉलेजात शिकते, आदल्या संध्याकाळच्या एसटीने आली होती. तिनेच सांगितलं की फोटो आता बाहेरच्या देशात गेला आहे. तिकडच्या कोणीतरी उचलून आपल्या पानावर लावला आणि खाली जगभरचे लोक लिहीत आहेत.

जाऊ खूश झाली. “बाहेरदेशातले लोक पाहून राहिले माह्या लेकराले? वाच वं. काय लिहिलं?”

“इंग्रजी आहे, काकू. बाकीच्या भाषा तर मलाही येत नाहीत.”

“मग थे बटन नाही का, दाबलं का मराठी होते?”

ते बटण असतं. फोन ज्या मराठीत सांगतो ती आपण कोणी बोलत नाही, पण अर्थ लागतो. मुलगी उंबऱ्यावर बसली आणि वाचायला लागली.

“एक बाई आहे, ब्राझीलची. म्हणते, या मुलाच्या आईसाठी मी आज मेणबत्ती लावली.”

जावेने सुरी खाली ठेवली. “पाहा, बाई. कुठली कोण ते. मेणबत्ती लावली म्हणे.” मोठी जाऊ म्हणून ती मला बाई म्हणते.

“पुढचा एक जण म्हणतो, फोटो फार सुंदर आहे. उजेड छान पकडला आहे. कोणत्या कॅमेऱ्याने काढला, असं विचारतो.”

“उजेड?” मी विचारलं.

“हो. उजेड म्हणतो.”

मला त्या फोटोतला उजेड आठवेना. मला पँट आठवत होती.

मग मुलगी थांबली. तिचा अंगठा सरकत होता, तोंड बंद होतं.

“काहून वं, वाचत काहून नाही?” जाऊ म्हणाली.

“नेट स्लो झालं, काकू.”

“अंगठा तं सरसर चालून राहिला तुहा.”

मी म्हटलं, “वाच. इथं कोणी लहान नाही.” हे मी बोलले नसते तर बरं झालं असतं, असं मी आता म्हणणार नाही. आज ना उद्या ते कळणारच होतं.

“एकाने विचारलं आहे, हा कोणत्या बाजूचा आहे?” मुलगी सावकाश म्हणाली. “आधी बाजू सांगा, म्हणतो. मग कोणतं तोंड टाकायचं ते ठरवतो.”

“कोणतं तोंड म्हणजे?”

“काकू, फोटोखाली तोंडाची चित्रं टाकता येतात ना. रडणारं, हसणारं. कोणतं टाकायचं, ते तो बाजू कळल्यावर ठरवणार आहे.”

“हसणारं? या फोटोले?”

मी मान वाकवून फोनकडे पाहिलं. फोटोच्या खाली पिवळी हसरी तोंडं ओळीने होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारी. मी पिठाची चक्की चालवते, दिवसभर दारात माणसं असतात, लोक काय बोलतात हे मला नवीन नाही. पण रक्ताने भिजलेली पँट पाहून, घरी चहा पीत, कोणीतरी त्या चित्रावर बोट ठेवलं असेल, हे माझ्या डोक्यात शिरेना. माझ्या अंगठ्यात काटा गेला होता, तो मी किती वेळाने काढला कोण जाणे.

“पुढे?” जाऊ म्हणाली. तिचा आवाज बदलला होता.

पुढे एक माणूस होता. त्याने स्वतःच्या फोटोत हातभर लांब मासा धरला होता आणि तो खुशीत होता. चांगल्या घरचा, वयस्कर, चष्मेवाला. त्याने बरंच लिहिलं होतं. हे रक्त नाही, त्याने लिहिलं होतं, रक्त काळपट असतं, हे फार लाल आहे.

“त्याले कोणी सांगावं,” जाऊ म्हणाली, “का थे सुकलंच नव्हतं.”

रक्त पाहवत नाही म्हणणारी ती हे अगदी सरळ बोलली.

मासेवाल्याच्या खाली त्याचंच म्हणणं पुढे नेणारे बरेच होते. नट आहे. पगारी नट आहे. आणि मग पुरावा होता. मुलीने फोन फिरवून आमच्यासमोर धरला. दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. एक उतारावरचा, त्यावर तिने अंगठा धरला होता. दुसऱ्यात तोच चेहरा, तोच फौजी वेश, कपाळाला लाल झालेली पट्टी, छातीवर लाल डाग आणि तोंडभर हसू. दोन्ही पायांभोवती कोणीतरी लाल गोल काढले होते. आणि छातीवर पिनने टोचलेल्या नोटेकडे एक बाण होता. बाणाखाली लिहिलं होतं, पाहा, याला पैसे मिळाले.

“हा तं आपल्या भिंतीवरचा,” जाऊ म्हणाली.

खरोखरच तो तिच्या भिंतीवरचा होता. फ्रेम करून लावलेला आहे, दारातून आत गेलं की समोर दिसतो.

ते असं आहे. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला रात्री नाटक असतं. नाटकाशिवाय मंडई नाही आणि पाहुण्यांशिवाय नाटक नाही. पुतण्या बारावी होऊन भरतीसाठी रोज पहाटे डांबरी रस्त्यावर धावत होता, त्या वर्षी त्याला नाटकात जवानाचं काम मिळालं. तिसऱ्या अंकात तो जखमी होऊन येतो, आईला शेवटचं बोलतो आणि मरतो. कपडे भाड्याचे, रक्त म्हणजे तेलात कालवलेलं कुंकू. तो मेला तेव्हा बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीही तिथे पोत्यावर शाल घेऊन बसले होते. आणि त्याच वेळी मागून कोणीतरी ओरडलं, “वन्स मोअर.”

आमच्याकडे वन्स मोअर आला की तो करावाच लागतो. ज्याने मागितला तो बक्षीस घेऊन स्टेजवर येतो, माईकवरून त्याचं नाव पुकारतात आणि नटाच्या छातीवर नोट पिनने टोचतात. मग मेलेला जवान उठला, त्याने हात जोडले, नोट टोचून घेतली, हसला, पुन्हा आडवा झाला, आईला सगळं पुन्हा बोलला आणि पुन्हा मेला. बायकांनी पदर पुन्हा डोळ्यांना लावले. त्या रात्री तो तीनदा मेला. आमच्या गावात यात कोणाला काही वावगं दिसत नाही. रडणाऱ्यांना ठाऊक असतं की पोरगं उठणार आहे आणि सकाळी चहाच्या टपरीवर भेटणार आहे.

नोट टोचली त्या क्षणाचा तो फोटो. पुढच्याच वर्षी पुतण्या खरोखर भरती झाला, म्हणून घरात त्या फोटोला जास्तच मान.

तेवढ्यात दीर धान झाकून घरी आले. अंगणात पाय धूत त्यांनी आमची तोंडं पाहिली. “काय झालं, वहिनी?”

मुलीने त्यांच्यासमोर फोन धरला. तो दुसरा फोटो त्या जगात गेला कसा, हे त्यांनीच सांगितलं.

“मीच टाकला. त्या फोटोच्या खाली. लिहिलं, हा माझा मुलगा, याले लहानपणापासून फौजेचंच वेड होतं.” त्यांनी आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. “काय चुकलं त्यात? त्या फोटोत थो कसा दिसते अन् याच्यात कसा दिसते. लोकायनं हसताना बी पाहावं, म्हणून टाकला.”

त्यांना दोष द्यायला कोणाकडे काही नव्हतं. गावातल्या माणसाने तो फोटो पाहिला असता तर म्हटलं असतं, वा, बक्षीस भेटलं होतं का. आमच्याकडे छातीवरची नोट म्हणजे काम चांगलं झालं. तिकडे ती नोट म्हणजे मजुरी.

“मी लिहिते त्यांना,” मुलगी म्हणाली. “समजावून सांगते.” तिचं इंग्रजी चांगलं आहे. तिने तिथेच बसून लिहिलं की हा माझा चुलतभाऊ आहे, दुसरा फोटो गावच्या जत्रेतल्या नाटकाचा आहे, तो फौजेत जायच्या आधीचा आहे, पहिला फोटो खरा आहे आणि त्याचं पाऊल गेलेलं आहे. मला तिने ते मराठीत करून सांगितलं. सरळ, नीट लिहिलं होतं, शिवी नाही, रडगाणं नाही. मी म्हटलं, पाठव.

आम्ही शिंगाडे सोलत राहिलो. दीर खाटेवर बसले. पाच-दहा शिंगाडे झाले असतील, फोन वाजला.

“आलं उत्तर,” मुलगी म्हणाली.

“काय म्हणते?”

“मासेवाला म्हणतो, म्हणजे हे नाटक आहे हे तुम्हीच कबूल करता.”

तिच्या त्या सरळ लिहिण्याखाली हसरी तोंडं यायला लागली होती. तिला एकाने विचारलं, तुला किती मिळाले. दुसऱ्याने लिहिलं, पाऊल गेलं असेल तर दाखवा.

दीर उठून उभे राहिले. “हे माणसं आहेत का कोण आहेत? दुसऱ्याच्या लेकराचं यायले काहीच वाटत नाही?”

मुलीने मान वर केली. ती काकांना सहसा उलटून बोलत नाही. “काका, मागच्या साली तो एक फोटो आला होता आपल्या ग्रुपवर. दुसऱ्या देशातला जवान, अर्ध्या तोंडाला पट्टी बांधलेला. तुम्ही याच खाटेवर बोटाने मोठा करून पाहिला आणि म्हणाले, हे समदं बनवलेलं असते.”

“त्याचं वेगळं होतं.”

“काय वेगळं होतं?”

दिरांनी पायांत चपला घातल्या. मग ताडपत्री वाऱ्याने उडेल म्हणाले आणि धानाकडे परत गेले. वारा नव्हता.

जाऊ मात्र एकाच शब्दावर अडकली होती. “दाखवा म्हणते ना थो? मग दाखवू.” तिने काळी बोटं लुगड्याला पुसली. “बाई, उद्या ड्रेसिंग आहे. पट्टी सोडली का तुम्ही फोटो काढा. जवळून. चांगला उजेड पाहून. अन् पोरीकडून टाकून घ्या. पाहू दे मग त्या मासेवाल्याले.”

“पोराले विचारलं?”

“त्याले काय विचारायचं? थो नाहीच म्हणन. लबाड म्हणून राहिले माह्या लेकराले, बाई. पाय गेला थे गेला, आता इमान बी घेऊन जाऊन राहिले. मी चूप बसू?”

मला तिचं म्हणणं कळत होतं. चक्कीवर माझ्या काट्याला कोणी खोटं म्हटलं तर मी वजनं आपटून दाखवते, हे तर पोटचं पोर. पण हे वजनं दाखवण्याइतकं सोपं नव्हतं. फौजेच्या माणसांनी असलं काही बाहेर टाकायचं नसतं, एवढं मला माहीत होतं. आणि ती जखम मी पाहिली होती. उद्या सकाळी ती उघडी जखम त्या हसऱ्या तोंडांपुढे जाणार की नाही, हे आता माझ्यावर आलं होतं, कारण ड्रेसिंगच्या खोलीत जाणारी मी एकटी.

ऊन उतरल्यावर मी ताटलीत सोललेले शिंगाडे आणि चहा घेऊन पुतण्याकडे गेले. तो खिडकीजवळच्या खाटेवर बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. पायावर त्याच्या आईने टाकलेली चादर होती. ती थंडी असो नसो, चादर टाकते.

“ऐकलं का काही?” मी विचारलं.

“खिडकी उघडीच आहे, मोठी आई. अन् मी तं रोजच पाहून राहिलो. मासेवाला जुना आहे आपला.”

“मग बोलला काहून नाही?”

“कोणाले बोलू? आमच्याकडे असं काही लिहायची परवानगी नाही.” त्याने शिंगाडा तोंडात टाकला. “पण गंमत पाहा ना. त्या मंडईत एका रातीत तीनदा मेलो. दोन डाव बक्षीस भेटलं. आता खराच पडलो, तोही एकदाच, तं कोणी मानायले तयार नाही.”

तो हसला. मी हसले नाही. त्याचं हसू भिंतीवरच्या फोटोतल्यासारखंच होतं, हे मात्र खरं.

“तुही आई म्हणते, उद्या जखमेचा फोटो काढून टाका.”

चहाचा कप त्याने खिडकीत ठेवला. “नाही टाकायचा.”

“परवानगी नाही म्हणून?”

“असती तरी नाही.” त्याने चादरीचं टोक बोटाने सारखं केलं. “आईनंच नाही पाहिला पाय अजून, मोठी आई. घरी आल्यापासून एक डाव नाही. येते, गोळ्या देते, डोकं दाबते, अन् चादर टाकून देते. जे माह्या आईनं पाहिलं नाही, थे मी मासेवाल्याले कायले दाखवू?”

मी म्हटलं, बरं. मग विचारलं, “अन् थो नाटकाचा? तुह्या बाबाले काढून टाकायले सांगू? सगळा घोळ त्याच्यानं झाला.”

“नको,” तो म्हणाला. “थो राहू द्या. त्यात माह्ये दोन्ही पाय आहेत.”

त्या पायांभोवतीच्या लाल गोलांसाठी कोणी किती वेळ घालवला असेल, कोण जाणे. मी ताटली उचलली आणि बाहेर आले.

जाऊ नळावर हात चोळत होती. काळा रंग निघत नव्हता. मी तिच्या शेजारी उभी राहून लिंबाची दुसरी फोड घेतली.

“फोटो मी काढणार नाही,” मी म्हटलं. “उद्या तू चाल संगं.”

“मी?”

“हो. जगाले दाखवायचं म्हणते ना? मग आधी तू पाह्य. तू पाहिल्यावरही टाकावा वाटला, तं मी पोराशी भांडीन तुह्यासाठी.”

“मी चक्कर येऊन पडीन, बाई.”

“पडशील तं दवाखान्यातच पडशील. उचलायले माणसं असतात तिथं.”

ती नखांवर लिंबू घासत राहिली. मग म्हणाली, “थो म्हणाला का काही? मी पाहत नाही म्हणून?”

मी काय सांगायचं त्याचा विचार केला नाही. “हो,” म्हटलं.

ती नळ बंद करून घरात गेली. नंतर तिच्या दाराशी कुबडीचा आवाज आला, बोलण्याचा आला नाही. मी माझ्या स्वयंपाकाला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटो आला तेव्हा जाऊ तयार होऊन ओट्यावर बसली होती. हिरव्या काठाची, पाहुण्यांकडे जायची साडी नेसली होती, केस घट्ट बांधले होते. हातात तिचा फोन होता, पूर्ण चार्ज केलेला. फोन कशाला घेतला, मी विचारलं नाही. तिने तो माझ्याकडे दिला आणि मी पिशवीत टाकला. ऑटोत पुतण्या मध्ये, आम्ही दोघी दोन्हीकडे. दीर नेहमीप्रमाणे ऑटोपर्यंत आले, आणि या खेपेला ड्रायव्हरच्या शेजारी बसले.

दवाखान्यात सिस्टर आली होती, पण लाईट गेली होती. ड्रेसिंगची खोली मागच्या बाजूला आहे, खिडकीबाहेर दाट झाड, आत अंधारलेलं. सिस्टरने पट्टीचा वरचा भाग कापला आणि म्हणाली, “दिसत नाही हो नीट. कोणाजवळ बॅटरी आहे का?”

मी पिशवीतून फोन काढला, बॅटरी लावली आणि जावेच्या हातात दिला. “मी पाय धरते. तू उजेड धर.”

दीर दारापर्यंत आले होते. आत आले नाहीत, पण बाहेरही गेले नाहीत.

आतली पट्टी चिकटलेली असते. सिस्टर त्यावर सलाइनचं पाणी सोडत होती आणि मी पोटरी दोन्ही हातांनी धरून होते. पुतण्याने तोंड भिंतीकडे केलं होतं. पट्टी सुटली. उजेड एकदम छतावर गेला.

“बाई, उजेड खाली,” सिस्टर म्हणाली.

मी एका हाताने जावेचं मनगट धरलं आणि खाली आणलं. तिचे डोळे मिटलेले नव्हते, मी पाहिलं. थोड्या वेळाने मी मनगट सोडून पाहिलं, तर उजेड जागच्या जागी राहिला. जखमेच्या शिवणीवर, मग ओल्या कोपऱ्यावर, मग पुन्हा शिवणीवर. ती तो सावकाश फिरवत होती, दिवा घेऊन घरातलं काही शोधावं तसा.

“हे इथलं,” ती सिस्टरला म्हणाली, “एवढंच ओलं आहे का?”

“एवढंच. बाकी चांगली भरली आहे. हा कोपरा अजून एकदा धुवावा लागेल.”

भिंतीकडून आवाज आला, “वन्स मोअर.”

जावेने मोकळ्या हाताने त्याच्या खांद्यावर चापट मारली. “गधा कुठला.” ती हसली की रडली हे मला सांगता येणार नाही, माझं लक्ष पोटरीवर होतं.

“बाई, उजेड,” सिस्टर म्हणाली.

“धरला आहे,” जाऊ म्हणाली. आणि पट्टी पुन्हा बांधून होईपर्यंत तिने तो धरला.

घरी येऊन पुतण्या खाटेवर बसला. जाऊ चादर घेऊन आली, तिची घडी करून उशीखाली ठेवली आणि चहा ठेवायला गेली. फोन माझ्याच हातात राहिला होता. बॅटरी लावून लावून तापला होता, तो मी तिच्या फळीवर ठेवला. फोटोचं तिने काही विचारलं नाही आणि मीही विषय काढला नाही. माझ्या दारात दळणाचे डबे येऊन पडले होते. दोन बायका वाट पाहत होत्या. एक म्हणाली, “आज उशीर केला, बाई.” मी बोटांचा काळा रंग निघाला का ते पाहिलं, निघाला नव्हता, आणि चक्की सुरू केली.